ऑलवेज, नेव्हर आणि गयामावशी

आमच्या कॉलेजात तीन वर्षं बी.ए.च्या एका वर्गात कुणाची खोटी हजेरी लागली नाही. प्राचार्यांना वाटतं, त्यांच्या धाकामुळं. कसलं काय! ते श्रेय गयामावशीचं. सर हजेरी घ्यायचे, कुणीतरी गैरहजर मित्रासाठी आवाज बदलून 'यस सर' म्हणायचं, की मागच्या बाकावरून मावशी उठलीच. "सर, ते न्हाई आलं. गालावर तीळ असलेलं ना? सकाळी पानटपरीवर बसलंतं." पोरं कपाळाला हात लावायची. पण मावशीचा तरी काय इलाज? चाळीस शेळ्या राखणारी बाई. कळपातलं एक तोंड दिसलं नाही की तिला चैन पडायची नाही.

मी या कॉलेजात क्लार्क. स्वभाव तापट, हे अख्खा तालुका सांगेल. मावशी पहिल्यांदा ऑफिसच्या खिडकीशी आली तेव्हा डोक्यावर पदर, हातात काठी. मी मान वर न करताच म्हणालो, "दूध मागच्या दारानं द्यायचं." तिनं खिडकीतून बारावीचं मार्कशीट आत सरकवलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून परीक्षा देऊन पास झालेली. वय पंचेचाळीस. "दूध उद्या आणते, भाऊसाहेब. आज आडमिशन द्या." मला इतकं गप्प माझ्या बायकोनंही कधी केलं नव्हतं.

नांदूरघाटच्या रस्त्याला तिची वस्ती. सकाळी तास, अकरानंतर शेळ्या. अभ्यासाला ती 'रवंथ' म्हणायची. "वर्गात निस्तं गिळायचं, भाऊसाहेब. माळावर बसून रवंथ केल्याबिगर आंगी लागत न्हाई." इतिहास, राज्यशास्त्र असं तिनं चावून पचवलं. अडलं ते इंग्रजीपाशी.

त्यावर तिनं काढलेली युक्ती ऐका. शेळ्यांना इंग्रजी शब्दांची नावं! दिवसभर तोंड चालू असणारी ती ऑलवेज. मनात आलं तर दूध देणारी ती समटाइम्स. आणि काही केल्या थेंब न देणारी, ती नेव्हर. माळावरून हाळी यायची, "ए समटाइम्स, बाभळीत कशाला शिरलीस गं?" रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बघायचे.

शब्द पाठ झाले, पण घोळ झाला कॉलेजच्या चाचणीत. 'नेव्हर' वापरून वाक्य करा, असा प्रश्न होता. मावशीनं लिहिलं, 'नेव्हर इज माय गोट.' सरांनी त्यावर लाल रेघ मारली. मावशी पेपर घेऊन तरातरा ऑफिसात, सरांच्या पुढ्यात. "चूक कसं म्हणता सर? माझीच हाय ती. इकत आणलेली न्हाई, घरची पैदास हाय. कुणालाबी इचारा." सर बिचारे माझ्याकडं बघायला लागले. मी काय सांगणार, कपाळ?

विद्यापीठाच्या परीक्षेत इंग्रजी राहिलं. पोरं म्हणाली, मावशी, तुम्हाला एटीकेटी लागली. म्हणजे विषय मागं राहिला, तरी पुढच्या वर्गात बसता येतं. मावशीला तो जनावराचा रोगच वाटला. "उतरंल की हळूहळू," म्हणाली. पण उतरेना. दुसऱ्या खेपेलाही नापास. तिसरं वर्ष संपलं, बाकीचे सगळे विषय सुटले आणि डिग्री त्या एका पेपरावर लटकली. तो गेला की तीन वर्षांची पायपीट पाण्यात.

मलाच राग आला. म्हणालो, "मावशी, कशाला जिवाला घोर लावून घेता? हे वय आहे का?"

ती म्हणाली, "कुटंबी गेलं तर फॉर्म भरणारा माझ्याकडं एक नजर टाकतो अन् न इचारताच आंगठ्याची शाई फुडं करतो. एकदा तरी कुणी इचारावं, बाई, शिक्षान किती? मग मी सांगीन."

माझ्या टेबलावरचं शाईचं पॅड मी गुपचूप खणात टाकलं.

मावशीनं तिसऱ्यांदा पेपर दिला. निकालाच्या दिवशी मार्कशीटांचा गठ्ठा आला. मी आधी मावशीचं काढलं. इंग्रजी पास! तेही काठावर नाही, चांगले मार्क. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. ऑफिसात नुसता कल्ला. जो तो फोन कानाला लावून ओरडत होता, "आई, सुटलो!" "पप्पा, पास!" मावशी मार्कशीट पदराखाली धरून बाकावर बसली होती. गर्दी ओसरली तरी उठेना.

"घरी नाही जायचं?" मी विचारलं.

"जाते की." हातातल्या मोबाइलकडं बघत ती थांबली. "समदे फोन करायलेत, भाऊसाहेब. मला कुणाला करावा ते सुचंना. मालक जाऊन लई वर्सं झाली. लेकरू न्हाई. म्हायेरात आता कोण वळखतंय?"

मी खिशातून मोबाइल काढला आणि तिचाच नंबर लावला. तिच्या हातातला फोन वाजला. तिनं चमकून माझ्याकडं बघितलं, मग हळूच उचलला.

मी खुर्चीतून उभा राहिलो. "हॅलो, गयाबाई आहेत का? कॉलेजातून बोलतोय. अभिनंदन! तुम्ही बी.ए. झालात."

माझ्यापासून चार हातांवर बसलेल्या मावशीनं पदरानं डोळे पुसले, फोन कानाशी घट्ट धरला आणि म्हणाली, "आवाज येईना, भाऊसाहेब. जरा जोरात सांगा की!"

मग मी छाती फुटेस्तोवर ओरडलो. अख्ख्या कॉलेजानं ऐकलं.