गिअरची की बिनगिअरची

गाडी गिअरची घ्यायची की बिनगिअरची, एवढाच प्रश्न होता. बायकोने भांडी पुसता पुसता त्याचं उत्तर देऊन टाकलं आणि मी मान हलवली. माझ्या संसारातल्या बहुतेक संकटांची सुरुवात माझ्या मानेपासून होते.

"बाबा ऑटोमॅटिक म्हणतील," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुम्ही मॅन्युअल म्हणायचं. काही झालं तरी मॅन्युअलच."

"पण का?"

"मॅन्युअलला डावा पाय लागतो म्हणून."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (उशिरा पडतो, पण पडतो.) बाबा म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, त्यामुळे त्यांना सगळे मास्तरच म्हणतात, मीसुद्धा. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून ते उठले, बोलायला लागले, पण डावा पाय काही पूर्ण परत आला नाही. चालताना तो त्यांच्या मागून नाखुशीने येतो. पायापेक्षा वाईट म्हणजे त्यांना डावीकडचं धड दिसत नाही, आणि दिसत नाही हे त्यांना पटत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. मग बायको काही न बोलता ताट फिरवते, आणि ते म्हणतात, "आता वाढलीस होय?" गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, तेव्हा मास्तरांनी त्यांना एवढंच विचारलं, की तुम्ही गाडी कोणाकडे शिकलात.

तेव्हापासून ते दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांना नापास करत. मध्येच म्हणत, "बिनगिअरची आली की निदान केस कापायला तरी माझा मी जाईन." हे ऐकलं की बायको आत जाऊन पुसलेलीच भांडी परत पुसायला लागे. ती घाबरली होती. घाबरलो मीही होतो, पण माझ्या घाबरण्याला घरात फारशी किंमत नाही.

तर मी मॅन्युअलचं वकीलपत्र घेतलं. शोभण्यासारखंच होतं म्हणा ते मला. माझ्या ड्रायव्हिंगबद्दल इथे दोन शब्द सांगायला हवेत. (तीन सांगितले की बायको उठून जाते.) मी मास्तरांचाच विद्यार्थी. इतके महिने शिकलो, की शेवटी रोज चहा देणाऱ्या त्यांच्या मुलीशी माझं लग्न झालं. शाळेची जुनी गाडी, शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असलेली, पुढे घरचीच झाली. ऑफिसला मी बसने जायचो. सुट्टीच्या दिवशी मात्र स्टिअरिंगवर मी, शेजारी मास्तर, मागे बायको, अशी आमची स्वारी निघायची. मास्तरांशिवाय ती गाडी फाटकाबाहेर पडतच नसे. सतरा वर्षांत माझी गाडी एकदाही बंद पडली नाही, चढावर वीतभरसुद्धा मागे आली नाही. पाय ठेवायचा अवकाश, क्लच लोण्यासारखा आपोआप खाली जायचा. ऑफिसमधल्या हेडक्लार्कनी एकदा लिफ्ट घेतली आणि उतरताना म्हणाले, "पोटातलं पाणी हललं नाही हो." (ते वाक्य मी पुढे बऱ्याच ठिकाणी वापरलं.) मास्तर आजारी पडल्यावर ती गाडी उभ्या उभ्या गंजली आणि भंगारात गेली.

शोरूममध्ये आम्हाला एक थकलेल्या चेहऱ्याच्या बाई गाड्या दाखवत होत्या. मास्तर सरळ ऑटोमॅटिकपाशी गेले आणि तिच्या दारावर हात ठेवून उभे राहिले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला.

"मास्तर, ही खेळणी झाली. गाडी कशी, आपल्या ताब्यात पाहिजे. माझ्यासारख्याच्या पायाला क्लच नसेल, तर चुकल्या-चुकल्यासारखं होईल."

मास्तर बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले.

"जावईबापू, तुम्ही विचार केलाय का नीट?"

"सतरा वर्षांची सवय आहे, मास्तर. ती का मोडायची?"

"तसं म्हणता? मग एकदा चालवून बघा," मास्तर म्हणाले. त्यांचा हात दारावरून खाली आला. मला वाईट वाटलं. या वयाच्या माणसाची एक इच्छा होती, ती मी गोड बोलून काढून घेत होतो, आणि वर आपण किती छान बोललो याचा आनंदही मला झाला होता.

मी मॅन्युअल गाडीत बसलो, मास्तर शेजारी, बायको आणि त्या बाई मागे. किल्ली फिरवली. गाडीने गचका दिला आणि ती बंद पडली.

"नवीन आहे ना, ताठ आहे," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा बंद पडली. तिसऱ्यांदा सुरू झाली ती उड्या मारतच फाटकापाशी गेली. फाटकाला चढ होता. चढावर मी नेहमीसारखा पाय ठेवून क्लच आपोआप खाली जाण्याची वाट पाहिली. तो गेला नाही. गाडी बंद पडली आणि शांतपणे मागे जाऊ लागली. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली, मग शिट्टी तोंडात ठेवूनच तो पळाला. त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीला तेवढी समज नव्हती. ती चेपल्याचा आवाज आला, तेव्हा मास्तरांनी हँडब्रेक ओढला होता.

"सर," मागून त्या बाई म्हणाल्या, "किती वर्षं चालवताय?"

"सतरा."

"तो नाही चालवत," मास्तर समोर बघत म्हणाले. रागावले की ते मला विद्यार्थी असतानासारखं एकेरीत बोलतात, पण आत्ता रागावलेले वाटत नव्हते. "क्लच मी दाबायचो. माझ्या बाजूने."

"सतरा वर्षं?" बायकोने विचारलं.

"आधी वाटलं, शिकेल हळूहळू."

"आणि ब्रेक?" मी विचारलं. आवाज माझाच होता.

"ब्रेक कधीकधी तुम्हीपण दाबायचात."

"पण मास्तर, लायसन्सची परीक्षा?"

"साहेब मागे बसले होते. शेजारी मीच होतो."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होतो. तेवढ्यात तुमचं लग्न ठरलं." त्यांनी हँडब्रेक आणखी एक खाच वर ओढला. "पुढे गाडीत माझी मुलगी असायची. कशाला धोका पत्करायचा?"

माझं पितळ असं एका चेपलेल्या खुर्चीसमोर उघडं पडलं. पण पंचाईत माझ्यापुरती नव्हती. मॅन्युअल मला चालवता येत नव्हती आणि ऑटोमॅटिक मास्तरांना चालवू द्यायची नव्हती. बायकोचा चेहरा उतरला. मास्तर मात्र उतरून परत ऑटोमॅटिकपाशी गेले होते.

"मागच्या मोकळ्या आवारात," त्यांनी त्या बाईंना विचारलं, "एक फेरी मारू देता?"

नियमात बसत नव्हतं. पण मास्तर असे उभे होते, की बाईंनी किल्ली दिली. आवारात एका बाजूला लाल शंकू ओळीने मांडले होते, बाकी काही नव्हतं. बायकोने मला शेजारी बसवलं आणि हँडब्रेकवर हात ठेवायला सांगितलं. जन्मात पहिल्यांदा मी मास्तरांच्या जागेवर बसलो. पायाखाली दाबायला काही नव्हतं, तरी मी दोन्ही पायांनी जमीन दाबून धरली.

मास्तरांनी आरसा लावला, सीट पुढे घेतली, आणि गाडी निघाली. काय सांगू, खरंच पोटातलं पाणी हललं नाही. वर्षभर ओढलेला त्यांचा चेहरा सैल झाला. एका हाताने त्यांनी वळण घेतलं, आणि डावीकडून पहिला शंकू गाडीखाली न येता बाजूला उडाला. मग दुसरा. मास्तर हसत होते. तिसरा, चौथा. माझा हात हँडब्रेकवर होता आणि तो मला ओढवेना. मागे बायको माझ्या सीटची पाठ धरून बसली होती.

फेरी संपवून त्यांनी गाडी थांबवली. "बघितलंत?" ते म्हणाले. "कुठे लागला डावा पाय?"

त्यांनी सवयीने आरशात पाहिलं. मागे त्या बाई वाकून एकेक शंकू उचलत होत्या.

"त्या काय गोळा करताहेत?"

मी हँडब्रेकवरचा हात काढून घेतला.

"जावईबापू, किती?"

"चार," मी म्हणालो. त्या दिवशी मी खरं बोललो असं ते एकच वाक्य असेल.

मास्तरांनी आरशात शंकू मोजले. "एका शंकूला मी नापास करायचो," ते म्हणाले. "रडायची माणसं, तरी करायचो." मग त्यांनी चाकं सरळ केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, सगळं शाळेतल्या क्रमाने, आणि किल्ली काढून मागे हात केला. मी हात पुढे केला होता. त्यांनी तो बाजूला सारला आणि किल्ली मुलीच्या हातात ठेवली.

"हिचं लायसन्स माझ्या हातचं आहे," ते मला म्हणाले. (लग्नाआधी तिने लायसन्स काढलं होतं, हे मी पार विसरलो होतो.) "हिच्या वेळी मी पाय वर घेऊन बसलो होतो."

तर आमच्याकडे बिनगिअरची गाडी आली. ती बायको चालवते. शेजारी मास्तर बसतात, मागे मी. पहिल्या दिवशी त्यांना केस कापायला घेऊन निघालो. पहिला सिग्नल येईपर्यंत मास्तरांची मान कलली आणि ते घोरायला लागले.

बायकोने आरशातून मला विचारलं, "तुमच्या शेजारी कधी झोपायचे का हो?"

मी आठवून पाहिलं. सतरा वर्षांत एकदाही नाही. एक डुलकीसुद्धा नाही. आणि मी आपला समजत होतो, मास्तरांना माझा सहवास फार आवडतो.