गव्हर्नरावर रागावलेले मुनीरमामा

मुनीरमामांचं एका इंग्रज गव्हर्नराशी वैर होतं. गव्हर्नर मरून शंभरावर वर्षं झाली होती, पण मामांचा राग ताजा. शिरूरच्या एसटी स्टँडमागं त्यांचं टेलरिंगचं दुकान. गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावली की गव्हर्नराचं चरित्र सुरू व्हायचं.

"विलायतेतनं आला तवा मिसरूडबी फुटलं नव्हतं. हितं घोडनदीच्या छावणीत लेफ्टनंट. मग कॅप्टन, मग कर्नल... हात वर करा... आन् शेवटी थेट मुंबईचा गव्हर्नर! छाती फुगवू नका, मापात चुकंल."

चरित्राचा शेवट ठरलेला. छावणीत असतानाच साहेबाची तरुण बायको तापानं गेली. तिची कबर गावाबाहेर, गोऱ्यांच्या कबरस्तानात अजून आहे. "आन् हा गडी मुंबईत, बंगल्यात! तोफांची सलामी घेत! एकदा तरी येऊन बसायचं का न्हाई तिच्यापाशी? नालायक!" हा शब्द ते इतक्या जोरात काढायचे की ट्रायलला आलेला नवरदेव दचकायचा. एका फौजदाराला तर वाटलं, आपल्यालाच म्हणाले. त्यानं गणवेश दुसरीकडं शिवून घेतला.

मी गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल. मागच्या उन्हाळ्यात जुनी कपाटं आवरताना वाळवी लागलेलं एक इंग्रजी पुस्तक हाती आलं. त्याच गव्हर्नराच्या सेक्रेटरीनं लिहिलेल्या आठवणी. एक पान वाचलं आणि मी खुर्चीत ताठ झालो. तसाच उठून दुकान गाठलं.

मामा माझ्याच पँटचं कापड बेतत होते.

"मामा, तुमचा गव्हर्नर येत होता! दरवर्षी. पुण्यात मुक्काम असला की घोड्यावरून शिरूरला यायचा, गाजावाजा न करता. कबरीपाशी एकटा बसायचा, दुपार टळेपर्यंत."

कात्री चालतच राहिली. खडूची खूण ओलांडून, पार गुडघ्यापर्यंत. मामांची कात्री चुकलेली मी जन्मात पाहिली नव्हती. पँटची हाफपँट झाली.

"खोटं हाय," ते म्हणाले.

मी पान काढून मराठीत वाचून दाखवलं.

"परत वाचा."

परत वाचलं.

"इतक्या उशिरा जायला लाज न्हाई वाटली त्याला?"

"तसं काही लिहिलेलं नाही. यायचा आणि बसायचा, एवढंच."

मामांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. "गाडी आणलीय का? दौंडला जायचं."

दौंड त्यांच्या बायकोचं माहेर. "शकीला दौंडला असती," एवढंच ते कधी विचारलं तर सांगायचे. काही भांडण असेल, असा माझा समज. न्हावरा गाव मागं पडल्यावर ते माझ्या कानाशी म्हणाले, "नऊ वर्सं झाली तिला जाऊन."

मी गाडी कडेला घेऊन बंदच केली.

"आजारी म्हणून माहेरी गेली व्हती. भावाचा फोन आला, लगेच या. लगीनसराई चालू. म्हटलं, दोन शेरवान्या तेवढ्या देतो आन् निघतो. पोचलो तवा माती देऊन लोक परत येत व्हते. कुठल्या तोंडानं आत जाऊ? फाटकातनंच माघारी फिरलो. परत पाऊलच पडलं न्हाई."

दौंडच्या कबरस्तानात, घरून सोबत आलेल्या मेव्हण्यानं लांबूनच बोट दाखवलं. मामांशी तो एक शब्द बोलला नाही, पण पाण्यानं भरलेला तांब्या त्यानं त्यांच्या हातात दिला. मातीचा एक उंचवटा आणि त्यावर माजलेली घाणेरी. मामांनी ती मुळासकट उपटली, पाणी शिंपडलं आणि खाली बसले.

मी फाटकाशी थांबलो. तास गेला, दीड तास गेला. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मी हळूच खाकरलो.

मामांनी मान वळवली नाही.

"तुम्ही जेवून या, सर," ते म्हणाले. "मला येळ लागंल."