महाराणीच्या निषेधाचा ठराव

समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या वाटेवर, बेलगव्हाण नावाचं गाव आहे. तिथे ग्रामसभा भरत नाही, तहकूब होते. सभेला ठरावीक माणसं लागतात असा कायदा आहे आणि ती कधीच जमत नाहीत. तहकूब झालेल्या सभेला मात्र माणसांची अट नसते, असाही कायदा आहे. त्यामुळे माणसं नाहीत म्हणून सभा उठते आणि माणसं नसली तरी चालतं म्हणून तीच सभा पुन्हा बसते. सरपंच सीताबाई, सरपंचपदाचं काम प्रत्यक्षात उरकणारे त्यांचे यजमान मधुकरराव, ग्रामसेवक आणि पंख्याखाली पडायला आलेले म्हातारे अण्णाजी, एवढ्या जनसमुदायापुढे गावाचा विकास मंजूर होतो. अण्णाजींची मान झोपेत डुलते, ती होकारात धरतात.

नाल्यावरचा रपटा तीनदा असाच मंजूर झाला होता आणि तीनदा वाहून गेला होता. रपटा म्हणजे काही धरण नव्हे. नाल्यात सिमेंटचे पाइप टाकायचे, वरून काँक्रीट ओतायचं, त्यावरून माणसं, बैलबंड्या आणि दुचाक्या जातात. तिन्ही वेळा काम गावच्याच प्रफुलभाऊ ठेकेदारांकडे गेलं. पहिल्यांदा रपटा गेला तेव्हा पाऊस फार झाला असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्यांदा वाळू खराब लागली म्हणाले. तिसऱ्यांदा कारण सुचेना, तेव्हा ते भर सभेत रडले. सभेनेही मोठ्या मनाने ते अश्रू इतिवृत्तात घेतले आणि विषय संपवला.

रूपरावांचं घर नाल्याच्या अलीकडे होतं आणि एसटीचा फाटा पलीकडे. त्यांची मुलगी काजल रोज नाला ओलांडून फाट्यावर जायची आणि तिथून हिंगणघाटच्या कॉलेजात. मागल्या पावसाळ्यात, रपटा गेल्यावर, उरलेल्या दगडांवरून जाताना तिचा पाय सरकला. काठावरच्या बाभळीचं मूळ हाताशी आलं म्हणून पोरगी हाताशी आली. परीक्षा मात्र गेली. तिची आई शकुबाई तेव्हा काठावरच उभी होती. त्या दिवसापासून तिने एकच सांगून ठेवलं होतं.

"रपटा पक्का नाई झाला, तं पोरीचं कॉलेज बंद. मी काही तिले पुन्हा पाण्यात धाडत नाई."

शकुबाईचा शब्द ग्रामसभेच्या ठरावासारखा नव्हता, तो पाळला जात असे. काजलचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. ते पूर्ण होणार की नाही, हे आता त्या चार पाइपांवर आणि त्यांवरच्या सिमेंटवर होतं. रूपरावांना त्याची काळजी होती, हे खरंच आहे. पोरीवर त्यांचा जीव होता.

पण रूपरावांचा राग होता तो महाराणीवर.

ही महाराणी म्हणजे इंद्रवल्ली. "मणिगडची महाराणी" या मालिकेतली. रोज संध्याकाळी आठ वाजता बेलगव्हाणातल्या सगळ्या घरांतून ती एकाच वेळी चुकायची. मणिगडाच्या तळघरात एक दिव्य मणी आहे, तो जागेवर आहे तोवर राक्षस गडात शिरू शकत नाहीत. त्या तळघराची चाबी महाराणीने कुटिलकेतू नावाच्या प्रधानाकडे दिली होती. ज्याच्या आईबापांनी पाळण्यातच एवढी स्पष्ट सूचना देऊन ठेवली, त्याच्यावर कोणी विश्वास कसा ठेवावा, हा रूपरावांचा पहिला प्रश्न होता. कुटिलकेतूने मणी बदलून राक्षसांना गडात घेतलं. महाराणीने माफ केलं. त्याने पुन्हा घेतलं, तिने पुन्हा माफ केलं. तिसऱ्यांदा त्याने तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि डोळ्यांतून पाणी काढलं. आता महाराणी चौथ्यांदा चाबी त्याच्याच कमरेला बांधणार, अशी लक्षणं दिसू लागली होती.

गाव संतापलं. एरवी बेलगव्हाणला राग येत नाही. डीपी जळून आठ दिवस वीज गेली तेव्हा आला नव्हता, रेशनच्या गव्हात खडे निघाले तेव्हा आला नव्हता. पण महाराणीचा निर्णय ऐकून पानठेल्यावर, पिठाच्या गिरणीवर, मैतीला गेलेल्या माणसांतसुद्धा एकच चर्चा सुरू झाली. ज्यांना घरातल्या बैलजोडीचा सौदा नीट करता येत नव्हता, ते मणिगडाची परराष्ट्रनीती सांगू लागले. या सगळ्यांत रूपरावांचा शब्द शेवटचा मानला जाई. मालिकेतल्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहून तो कधी दगा देणार ते त्यांना आधीच कळत असे, अशी त्यांची ख्याती होती.

याच ख्यातीतून रूपरावांना युक्ती सुचली, आणि ती वाईट नव्हती. रपट्याचं काम दर वेळी प्रफुलभाऊंकडे का जातं? कारण सभा तहकूब होते आणि चार माणसांत उरकते. सभेला गाव आलं तर गाव काही मूर्ख नाही. आणि गाव सभेला कशाने येईल, हे तर रोज आठ वाजता दिसतच होतं. ते ग्रामसेवकांकडे गेले आणि महाराणीचा विषय एक मेच्या ग्रामसभेत घ्यावा असं त्यांनी सुचवलं. ग्रामसेवकांनी बराच विचार केला. मालिका सर्व गाव पाहतं, तेव्हा विषय सार्वजनिक आहे. ती पाहायला वीज लागते, तेव्हा तो विकासाचाही आहे. शिवाय मालिकेचा विषय घेऊ नये असं कोणत्याही परिपत्रकात म्हटलेलं नाही. चार दिवसांनी फलकावर नोटीस लागली. विषय क्रमांक एक, मौजे मणिगड येथील महाराणी इंद्रवल्ली यांच्या निर्णयाचा निषेध करणेबाबत. विषय क्रमांक दोन, नाल्यावरील रपट्याचे काम सोपविणेबाबत.

एक मेला अल्लीपूरला शकुबाईच्या भाचीचं लग्न होतं. सभा टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. काजलही मतदार होती, दोन हात तेवढेच वाढले असते, असं तिचं म्हणणं. रूपरावांनी दोघींना सकाळच्या गाडीत बसवून दिलं.

"तुम्ही निश्चिंत जा. मी आहो ना," ते म्हणाले.

झेंडावंदन झालं आणि शाळेचा वऱ्हांडा भरला, मग आवार भरलं, मग माणसं भिंतीवर बसली. गणपूर्ती झाल्याचं ग्रामसेवकांनी जाहीर केलं तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. नोकरीत हे वाक्य त्यांना पहिल्यांदाच वापरायला मिळत होतं. एवढी माणसं उन्हात बसणार म्हणून कोणीतरी तर्री-पोह्यांची आणि मठ्ठ्याची सोय केली होती. कोणी, ते ज्याला त्याला पोहे हातात पडल्यावर कळलं. प्रफुलभाऊ स्वतः बादली घेऊन तर्री वाढत होते.

विषय क्रमांक एकवर झालेली चर्चा बेलगव्हाणच्या इतिहासात अपूर्व होती. महाराणीने चाबी देण्याआधी त्या माणसाचं मागचं काम तपासायला हवं होतं, असं एकाने मांडलं. रडणं हा पुरावा नसतो, हे पिठाच्या गिरणीवाल्याने उदाहरणांसह सिद्ध केलं. एक मावशी उठून म्हणाल्या की गडात दुसरी माणसं नव्हती काय, एकालाच धरून बसायचं कारण काय. अण्णाजी पूर्ण जागे होते. मग रूपराव उठले आणि सभा चिडीचूप झाली.

"दगा देणाऱ्याचा मले राग नाई. त्याचा तो धंदाच हाय," ते म्हणाले. "पन जे बाई तीनदा मार खाऊन चौथ्यांदा त्याच्याच हाती चाबी देते, ते राणी कायची? तिच्यापाई गड बुडते. राक्षसाले काऊन नावं ठेवता?"

टाळ्या थांबेनात. त्या थांबल्या तेव्हा प्रफुलभाऊंनी तर्रीची बादली खाली ठेवली, हात पुसले आणि बोलायची परवानगी मागितली. गावाला वाटलं, आता हे रपट्याचं काढतील. पण त्यांनी रपट्याचं नावही घेतलं नाही. ते महाराणीवरच बोलले, आणि असे बोलले की रूपरावांनाही हेवा वाटला. कुटिलकेतूची चाल कोणत्या भागात कशी ओळखायला हवी होती, कोणत्या वेळी त्याची नजर खाली गेली, मणी बदलल्यावर त्याने पहिला बहाणा कोणता केला आणि दुसरा का केला, सगळं त्यांनी एकेक करून उलगडलं. आतल्या माणसाने सांगावं तसं ते सांगत होते. शेवटी ते म्हणाले की आपण मणिगडात असतो तर या नालायकाला पहिल्याच दिवशी ओळखलं असतं, आणि महाराणीला रूपरावांसारखा एक सल्लागार मिळाला असता तर आज गडाची ही दशा झाली नसती.

निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला. तो वाहिनीकडे पाठवण्यासाठी एक समिती नेमण्यात आली आणि रूपरावांना तिचं अध्यक्ष करण्यात आलं. प्रफुलभाऊंनी पुढे येऊन त्यांच्या गळ्यात हार घातला आणि ते त्यांच्या शेजारीच बसले. ऊन चढलं होतं, पोहे जडावले होते आणि माणसं चपला शोधू लागली होती. मधुकररावांनी घाईने विषय क्रमांक दोन वाचला. काम कोणाला द्यायचं, हा प्रश्नच नव्हता, असं त्यांचं मत पडलं.

"तो रपटा प्रफुलभाऊनं तीनदा बांधला," ते म्हणाले. "एकाच रपट्याचा इतका अनुभव तालुक्यात दुसऱ्या कोणाले हाय?"

रूपरावांच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते त्यांनी आठ दिवस घोकलं होतं. तेवढ्यात प्रफुलभाऊंचा हात त्यांच्या खांद्यावर आला.

"रूपरावभाऊ, यंदा लेकराची आन," प्रफुलभाऊ हळूच म्हणाले. "काजल काय अन् माही पोरगी काय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. रूपरावांनी ते पाहिलं. तर्री तिखट होती हे खरं, पण रूपरावांना ते पाणी मनातून आलेलं वाटलं. आणि इथे त्यांनी, संपूर्ण तालुक्यात मालिकेचा एवढा अभ्यास असलेल्या माणसाने, एक विचार केला. ज्याला दगा इतका नेमका कळतो, तो दगा देईल कशाला? हा विचार त्यांना इतका पटला की त्यांचा हात त्यांच्या आधी वर गेला. गळ्यात हार घातलेल्या माणसाचा हात वर गेलेला पाहून सगळ्या सभेचे हात वर गेले. आधीचे तिन्ही ठराव चार माणसांचे होते, त्यावर कधी ना कधी तक्रार करता आली असती. हा पूर्ण गणपूर्तीचा आणि एकमताचा होता. त्यावर कलेक्टरचंही काही चालणार नव्हतं.

संध्याकाळी शकुबाई परतली. तिने काय झालं ते विचारलं. रूपरावांनी आधी हार दाखवला. मग रपट्याचं सांगितलं, आणि या वेळी माणूस मनापासून बोलला, हेही सांगितलं. शकुबाईने चहा मांडला आणि नवऱ्याला न देता स्वतःच प्याला.

रपटा जूनमध्ये झाला. दिसायला देखणा झाला होता, कठड्यांना पिवळा रंगही दिला होता. जुलैत नाल्याला एका दुपारी पाणी आलं आणि ते ओसरलं तेव्हा कठडे उभे होते, मधलं काही नव्हतं. काजल त्या वेळी अलीकडच्या काठावर होती, एवढंच नशीब. ती तिथूनच घरी परतली. शकुबाईने तिच्या हातातून कॉलेजची बॅग घेतली, पुसली आणि कपाटाच्या वर ठेवून दिली. पोरगी रडली नाही. रूपरावांना वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं, काही समजूत तरी घालता आली असती.

त्याच आठवड्यात मणिगडात मोठा उलगडा झाला. कुटिलकेतूने महाराणीवर पहिल्या दिवसापासून मोहिनी टाकली होती. ती निर्णय घेतच नव्हती, तिच्याकडून ते घेतले जात होते. गावाला फार वाईट वाटलं. बिचारीवर आपण अन्याय केला, असं सगळे म्हणू लागले. निषेधाचा ठराव मागे घेण्यासाठी विशेष ग्रामसभा बोलवावी अशी मागणी झाली आणि मधुकररावांनी ती तातडीने मान्य केली. रपट्याचा विषयही त्याच सभेत घेऊन टाकू, म्हणजे खर्च एकच, असंही ठरलं. प्रफुलभाऊंनी पोह्यांचं विचारून ठेवलं.

समितीचे अध्यक्ष म्हणून दिलगिरीचा मसुदा रूपरावांकडे आला. ते ओसरीवर लिहायला बसले. महाराणी मोहिनीच्या अंमलाखाली असल्याने त्यांना दोष देता येत नाही, एवढं लिहून ते पुढचं वाक्य जुळवत होते. काजल तांदूळ निवडत समोर बसली होती. तिने मान वर केली.

"बाबा, राणीवर तं मोहिनी होती," ती म्हणाली. "तुमच्यावर काय होतं?"

रूपरावांनी पेन खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. सभा रविवारी होती आणि मसुदा पूर्ण करणं भाग होतं. तो त्यांनी पूर्ण केला, सभेने तो एकमताने मंजूर केला आणि दुसरा विषयही झाला.

बेलगव्हाणची माणसं मूर्ख आहेत, असं आपलं मत झालं असेल. आपल्यासारखी माणसं तिथे असती तर हे घडलं नसतं, असंही आपल्याला वाटत असेल. वाटू द्यावं. महाराणीविषयी बेलगव्हाणचंही अगदी हेच मत होतं, आणि तेसुद्धा पूर्ण गणपूर्तीसह.