डॉमनिकभाऊंचा लिस्बनचा खापरपणजोबा

डॉमनिकभाऊ ज्वारीची भाकरी काट्या-सुरीने खात. सुरीने भाकरीचा चौकोन कापायचा, काट्याने तो वांग्याच्या भाजीत बुडवायचा आणि निम्मा रस्सा पँटवर सांडून घ्यायचा. कोणी बघत राहिलं की म्हणत, "काय करतं बाप्पा, रक्तातच हाय!"

हे रक्त लिस्बनचं. बल्लारपुरात रेल्वे फाटकाजवळ भाऊंचं वेल्डिंगचं दुकान होतं. सातवीत शाळा सोडून मी सांगलीकडून इतक्या लांब आलो, तेव्हा त्यांनी मला काम दिलं, झोपायला दुकानाचा माळा दिला. त्यामुळे त्यांच्या खापरपणजोबांवर विश्वास ठेवणं मला भागच होतं. आडनाव परेरा, म्हणजे पूर्वज पोर्तुगीज. भाऊंचा रंग माजरीच्या खाणीतल्या कोळशाशी स्पर्धा करणारा, पण तो म्हणे इथल्या उन्हाचा दोष. मे महिन्यात अख्खं गाव डोक्याला दुपट्टा बांधून फिरे; भाऊ फेल्ट हॅट घालून घाम गाळत.

दरवर्षी ते वसईकडच्या आपल्या मूळ गावी जात आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या फादरकडून वाचून घेऊन एखादा पूर्वज शोधून आणत. "अजून दोन पिढ्या मांगं गेलो का सायब भेटतेच. मंग पोर्तुगालचा पासपोर्ट, अन् दुकानाले कुलूप!" मी तोंडाने 'वा वा' म्हणे. कुलूप लागलं तर मी जाणार कुठे?

त्या ऑक्टोबरात भाऊ परतले ते हॅट हातात घेऊन.

"काय भाऊ, सायब भेटले का?" चहावाल्या रशीदभाईंनी विचारलं.

"भेटला. पन तो निस्ता धर्मबाप निघाला."

फादरने म्हणे समजावून सांगितलं, की नव्या ख्रिस्त्याला बाप्तिस्म्याच्या वेळी साक्षीला उभ्या राहणाऱ्या धर्मबापाचंच आडनाव मिळायचं. ज्याचा बाप्तिस्मा झाला, तो भाऊंचा पूर्वज मिठागरातला मजूर होता.

"मतलब तुमी मिठागरवाले!" रशीदभाई खो-खो हसले. "मंग लिस्बन कॅन्सल?"

मला तर इतका आनंद झाला, की चेहरा सुतकी ठेवताना जीव गेला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ख्रिस्ती लोक आपल्या मेलेल्यांसाठी कबरस्तानात मेणबत्त्या लावतात. भाऊ एकटा जीव. दरवर्षी वडिलांच्या कबरीवर एक साधी लावत आणि शेजारी लिस्बनच्या साहेबांसाठी एक जाडजूड. यंदा ती जाड कोणाच्या वाट्याला जाते, हे बघायला मी मुद्दाम सोबत गेलो.

भाऊंनी ती पेटवली. "हे मीठवाल्याची. इतके वर्स सायबाच्या नावानं जाळली. याले कोनी इचारलंच नाई."

मग खिशातून तिसरी काढली. "तुया मायचं नाव काय रे?"

आई गेली तेव्हा तार उशिरा आली होती. मी घरी पोचलो तोवर तेरावासुद्धा उरकला होता.

"कोंडाबाई," मी म्हणालो. "पण भाऊ, आम्ही ख्रिस्ती नाही."

"मीठवालाबी पयले नवता," भाऊ म्हणाले, आणि वाऱ्याला हॅट आडवी धरली.