अप्पा पेडणेकरांचा कान

अप्पा पेडणेकर कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी कानाला लावतात. नारळ आणि कलिंगड आपणही लावतो. अप्पा चपला लावतात. हिंदमाताच्या एका दुकानात त्यांनी टॉवेल कानाला लावून चुरगळताना मी स्वतः पाहिलं आहे. दुकानदार माझ्याकडे बघत होता आणि मी पंख्याकडे. बाहेर आल्यावर विचारलं, "अप्पा, टॉवेलाचा कसला आवाज येतो?"

"येत नाय. येता कामा नये. खळ जास्त असली की करकरतो. पहिल्या धुण्यात चाळण होते मग."

परळच्या आमच्या इमारतीत ते आणि त्यांची धाकटी बहीण मालूताई आमच्या समोरच्या दारात राहतात. दोघांचीही लग्नं झालेली नाहीत. अप्पा सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी गिरणीत, कताई खात्यात फिटर होते. लोखंडी सळईचं एक टोक यंत्राला आणि दुसरं कानाला लावून कुठलं बेअरिंग चार दिवसांत जाणार ते सांगायचे. बरोबरीचे सगळे त्या आवाजात बहिरे झाले, अप्पा मात्र रोज कानात कापूस कोंबून जायचे. म्हणायचे, "पगार इथेच संपला तरी चालेल, कान घरी न्यायचेत मला." गिरणी बंद पडल्यावर ते शिवडीला एका गोदामात लागले, आलेला माल तपासायला. म्हणजे आयुष्यभर माणसाने पगार घेऊन खोड्या काढल्या. आता त्या फुकट काढतात.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "घाई नाय. अजून बघू." या वाक्यामुळे त्यांच्या घरात अजून मिक्सर नाही. तेवीस मिक्सर ऐकून झाले. मालूताई पाट्यावर वाटण वाटतात.

आता माझ्याबद्दल. माझ्याकडे बाबांची जुनी गाडी आहे. बाबा गेले तेव्हा गाडी माझ्याकडे आली, तिच्याबद्दलची अक्कल मात्र बाबांबरोबर गेली. एका संध्याकाळी मी खाली गाडी सुरू करून उभा होतो. अप्पा दूध घेऊन येत होते. ते बॉनेटपाशी थांबले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "सुधीर, वॉटर पंप जाणार तुझा."

मी आत्मविश्वासाने गाडीत बसलो आणि बटण दाबलं. काचेवर पाण्याची छान चिळकांडी उडाली. "येतंय की पाणी!"

अप्पांनी दुधाची पिशवी बॉनेटवर ठेवली. मग आजारी माणसाशी बोलतात तशा मऊ आवाजात त्यांनी सांगितलं, की काच धुणारा पंप वेगळा. वॉटर पंप इंजिनाभोवती पाणी फिरवतो, म्हणून इंजिन थंड राहतं. तो बंद पडला तर गाडी रस्त्यात उकळते. "किती वर्षं चालवतोयस ही?"

"आठ."

"देव आहे," अप्पा म्हणाले आणि दूध घेऊन वर गेले.

चार दिवसांनी गाडीखाली हिरवट पाण्याचं थारोळं दिसलं. गॅरेजवाले लतीफभाई म्हणाले, "पंप बदली करना पडेगा. शहर में ठीक है, घाट में मत ले जाना." आणि मला नेमकं घाटातच जायचं होतं.

त्याचं असं झालं होतं. मालूताईंची बालमैत्रीण नलू तळेगावला असते. लालबागच्या चाळीत दोघींची दारं शेजारी होती. गेली सहा वर्षं "एकदा जाऊ" चाललं होतं. आता नलूताईंचा मुलगा त्यांना कायमचा कॅनडाला नेणार होता, मंगळवारच्या विमानाने. म्हणजे त्याआधीचा शेवटचा रविवार ठरला. मालूताईंच्या गुडघ्यांना स्टेशनचे जिने झेपत नाहीत. भाड्याची गाडी अप्पांना चालत नाही, कारण "तिच्या इंजिनाचा आवाज आपल्या ओळखीचा नाय." तेव्हा गणपतीच्या मीटिंगमध्ये, सगळ्या मजल्यांसमोर, मी छाती काढून म्हटलं होतं, "मालूताई, मी नेतो तुम्हाला!" टाळ्याही पडल्या होत्या. त्यानंतर मालूताईंनी नलूसाठी खोबऱ्याच्या वड्यांचा नारळ आणून ठेवला. बायको म्हणाली, "आधी गाडी निघते का बघ." पण टाळ्या खाल्लेला माणूस बायकोचं ऐकत नाही.

हातात दोन आठवडे होते. पंप निवडायला अप्पांना नेण्याची चूक मी आपणहून केली.

ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअर पार्टची दुकानं आहेत. पहिल्या शनिवारी त्यातल्या एका दुकानाच्या मालकांनी, जिग्नेशभाईंनी, काउंटरवर चार पंप मांडले. अप्पांनी लतीफभाईंनी सोडवून दिलेला आमचा जुना पंप पिशवीतून काढला, शेजारी ठेवला, भोकं जुळवली, पाती मोजली. मग एकेक नवा पंप कानाला लावून बोटाने शाफ्ट फिरवू लागले. दुकानातली गिऱ्हाइकं गप्प झाली. मीही चेहऱ्यावर जाणकार भाव आणून एक पंप कानाला लावला. अप्पा म्हणाले, "उलटा धरलायस."

पहिल्याचा शाफ्ट केसभर हलत होता. दुसऱ्याची पाती प्लास्टिकची होती. "उकळत्या पाण्यात प्लास्टिक? हा काय बाथरूममधला मग आहे?" तिसरा दुरुस्त करून नव्या खोक्यात घातलेला निघाला. चौथा चांगला होता, पण फार वर्षं पडून त्याचं ग्रीस सुकलं होतं.

"अंकल," जिग्नेशभाई हात जोडून म्हणाले, "ये पंप है. गाना नहीं गाएगा."

"घाई नाय," अप्पा मला म्हणाले. "अजून बघू."

आठवडाभरात अजून सात पाहिले. मी ऑफिसातून दोनदा पोट बिघडल्याचं सांगून निघालो. शेवटी साहेबांनी मला डॉक्टरचं नाव सुचवलं.

त्याच सुमारास आईने मला जुनी गोष्ट सांगितली. मी खूप हसलो, ते आता आठवलं की लाज वाटते. अप्पांचे वडील लवकर गेले आणि मालूताईंचं लग्न जमवणं चोवीस वर्षांच्या अप्पांकडे आलं. बहीण उजवल्याशिवाय भावाने बोहल्यावर चढायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. चार स्थळं आली. अप्पांनी चारही मुलं ऐकली. एक जिना चढताना पाय ओढायचा, म्हणजे आळशी. एकाचा आवाज आईशी बोलताना चढायचा. एक हसायचा ते पोकळ हसायचा. चौथ्याचं काय होतं ते अप्पांनाही सांगता येईना, पण काहीतरी खरखर होती. "घाई नाय, अजून बघू" म्हणता म्हणता स्थळं यायची थांबली. मालूताई शाळेत कारकून झाल्या, अप्पा गोदामात, आणि दोघं समोरासमोर बसून जेवत राहिले.

शुक्रवार उजाडला. जिग्नेशभाईंनी वैतागून राहिलेला एकच पंप पिशवीत घालून दिला. "घर ले जाओ, रात दिन सुनो, पर दुकान में मत आओ." संध्याकाळी लतीफभाई गॅरेज उघडं ठेवून थांबणार होते. तेव्हा बसवला नाही, तर शनिवारी त्यांची सुट्टी आणि रविवार गेला.

अप्पांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पंप ठेवला. मालूताई खोबरं खवत होत्या. अप्पांनी पाती पाहिली, धातूची. शाफ्ट हलवला, हलेना. मग पंप कानाला लावून त्यांनी डोळे मिटले. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा फिरवताना कपाळावर आठी आली.

"बारीक खरखर आहे."

"अप्पा, उद्या नाही मिळणार हो."

"नसेल मिळणार. पण खरखर आहे. घाई नाय, अजून—"

मालूताईंनी खवणी बाजूला सारली. पदराला हात पुसले आणि अप्पांच्या हातातून पंप काढून घेतला. तो त्यांनी आपल्या कानाला लावला आणि बोटाने शाफ्ट फिरवला, अगदी अप्पांसारखा.

"मला चांगला वाटतोय," त्या म्हणाल्या.

"माले, तुला नाय कळायचं त्यातलं."

"नसेल कळत. पण दादा, त्या चौघांना तूच ऐकलंस. मला एकाचाही आवाज ऐकायला मिळाला नाही." त्या रागावल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. "नलूकडे मला जायचंय. एवढा एक मी ऐकते."

उठून जावं तर खुर्ची वाजेल, अशी भीती वाटली. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचे हात टेबलावर नुसते पडून होते. या माणसाला मी इतकी वर्षं चेष्टेचा विषय करून इमारतभर गोष्टी सांगत आलो, आणि त्यांना कधी असं बघितलं नव्हतं.

"सुधीर," शेवटी ते म्हणाले, "लतीफला सांग, गॅस्केट नवीन टाक. जुनं लावू नको."

रविवारी सकाळी सहाला निघालो. मालूताई पुढे, मांडीवर वड्यांचा डबा, अंगावर हिरवी नारायणपेठ. अप्पा मागे. माझ्या गाडीत अप्पांचा एक नियम असतो, कुणी बोलायचं नाही. रेडिओ नाही, गप्पा नाहीत. त्यांना इंजिन ऐकायचं असतं. एकदा मी शिंकलो तर "श्श" म्हणाले होते. त्यामुळे खोपोलीपर्यंत आम्ही शोकसभेला निघाल्यासारखे गप्प होतो.

घाट लागला. गिअर बदलला, इंजिनावर जोर आला आणि बॉनेटखालून आवाज सुरू झाला. बारीक, सलग, खर्रर्र. पंप उलटा धरणाऱ्या माझ्यासारख्यालाही ऐकू येत होता. तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता, गाडी नीट चढत होती. पण खरखर होती. अप्पा बरोबर होते.

मी आरशात पाहिलं. अप्पांची मान तिरकी झालेली, डोळे मिटलेले. आता ते गाडी परत फिरवायला लावणार, याची मला खात्री होती.

मालूताईंनी मागे न वळता विचारलं, "दादा, आवाज येतोय का रे?"

अप्पांनी डोळे उघडले. "नाय गो," ते म्हणाले. "झकास पंप आहे. बरोबर निवडलास."

आणि मग ते बोलायला लागले. मोठ्याने, गिरणीत बोलावं लागायचं तसे. नलूने आणि मालूने चाळीच्या गच्चीवर वाळत घातलेले कुणाचे पापड खाल्ले, मग नलूने मांजरावर कसं ढकललं, मांजराला कसा मार बसला. मालूताई डबा सांभाळत हसायला लागल्या. "दादा, ओरडतोयस काय असा?" म्हणाल्या, तरी अप्पांनी आवाज खाली आणला नाही. मला एकदम भरून आलं. भरल्या डोळ्यांनी घाटात गाडी चालवणं धोक्याचं, म्हणून मी ते बटण दाबलं आणि काचेवर पाणी उडवलं. फरक काही पडला नाही.

चढ संपला, लोणावळा मागे पडलं. तळेगावचा फाटा येईपर्यंत अप्पा एकदाही थांबले नाहीत.