तीन सिस्टिमींचं एकत्र कुटुंब

कॉम्प्युटरमधलं आपल्याइतकं अख्ख्या वाशीत कुणाला कळत नाही, असं बुद्धघोषचं ठाम मत होतं. कचेरीत तो साधा कारकून. पण घरात शिरला की इंजिनियर!

घरी कॉम्प्युटर एक, डिस्क एक आणि माणसं तीन. त्याला प्रयोगांसाठी एक ऑपरेटिंग सिस्टिम हवी, बायको संघप्रिया शिक्षिका, तिला शाळेच्या कामासाठी दुसरी. आई पुतळाबाईंना तिसरी, मोठ्या अक्षरांची, फक्त आबांचं गाणं ऐकायला. आबा, म्हणजे त्याचे वडील, गेले त्याला वर्ष झालं होतं. ईट गावच्या एका लग्नात त्यांनी स्वतः रचलेलं गाणं म्हटलं होतं, त्याचं तेवढं एकच रेकॉर्डिंग उरलेलं. पुतळाबाई रोज ते ऐकत, मगच जेवत.

"डिस्कची वाटणी करायचीच न्हाय!" बुद्धघोषनं जाहीर केलं. "सबव्हॉल्यूम करतो. तिघांना तीन खोल्या, पण मोकळी जागा सामाईक. एकत्र कुटुंबच म्हना की!"

तिन्ही सिस्टिमी खरंच सुखानं नांदू लागल्या. काही बिघडलंच तर कालच्यासारखं करता यावं म्हणून त्यानं रोज तिन्ही खोल्यांचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या दिवशीची जशीच्या तशी छबी, आपोआप निघायची सोय केली, आणि विसरूनही गेला.

पाच-सहा महिन्यांत डिस्क तुडुंब भरली. कुठल्याच सिस्टिमीत नवं काही जतन होईना!

"तुज्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ!" तो बायकोवर घसरला.

"आन् तुमचे सिनेमे काय हवेवर राहतेत?"

संघप्रियानं रडतरडत व्हिडिओ काढून टाकला. जागा तसूभर वाढली नाही. त्यानं दातओठ खात सिनेमे पुसून टाकले. तरी नाही! मग 'तूच परत टाकलास', 'तुम्हीच लपवलं असंल' करत घरात अबोला सुरू झाला.

पुतळाबाई हे सगळं गुमान बघत होत्या. एका सकाळी त्या म्हणाल्या, "भांडू नगा. तुज्या आबाचं गाणं म्या काढून टाकलं. घरात जागा कमी पडली की म्हाताऱ्यांनीच सरकायचं असतंय. झाली का जागा?"

बुद्धघोष कॉम्प्युटरकडं धावला. त्यातला कचऱ्याचा डबाही आईनं रिकामा केला होता. शिकवलं त्यानंच होतं! आणि जागा? होती तेवढीच. आईनं नवऱ्याचा आवाज दिला आणि बदल्यात काहीच मिळालं नाही, हे त्याला सोसेना.

"काढून टाकलेलं जातंय तरी कुठं?" तो पुटपुटला, आणि त्याला स्नॅपशॉट आठवले. काढून टाकलेली प्रत्येक फाइल त्या जुन्या स्नॅपशॉटांनी धरून ठेवली होती. सगळी डिस्क त्याच्याच खबरदारीनं गिळली होती! घाईघाईनं त्यानं एक स्नॅपशॉट उघडला. गाणं जागच्या जागी!

घरात आबांचा आवाज भरला. पुतळाबाईंनी डोळे मिटले. संघप्रियानं अबोला सोडला, तो "म्हंजे जागा खाणारे तुम्हीच व्हय!" एवढं म्हणण्यापुरता.

गाणं संपलं. पुतळाबाईंनी डोळे पुसले.

"लई चांगलं केलंस बाबा," त्या म्हणाल्या. "आता त्यान्ला पेनड्राइव्हमधी घालून दे. ह्या एकत्र कुटुंबातनं आमी दोघं वायलं निघतो."