आतल्या आत बीप

"कान तपासून घ्या," पद्मजाबाई म्हणाल्या. "बहिरे निघालात तर इतक्या वर्षांचं सगळं माफ. कान चांगले निघाले, तर मात्र तुम्ही मुद्दाम ऐकत नव्हतात. मग बघते."

मधू गुप्ते यांनी हेही न ऐकल्यासारखं केलं. तरी दुसऱ्या दिवशी त्यांना कर्जतहून खोपोलीला, शिळफाट्यावरच्या श्रवण केंद्रात आणून बसवण्यात आलं.

तिथला कॉम्प्युटर पद्मजाबाईंचा भाचा केयूर सांभाळायचा. कॉम्प्युटर कालच नवा आला होता, पण कानतपासणीचा प्रोग्राम पुरातन. त्याला नवी विंडोज मानवेना. म्हणून केयूरनं नव्याच्या पोटात एक नकली जुना कॉम्प्युटर बसवला होता. त्याला तो अभिमानानं व्हर्च्युअल मशीन म्हणे.

तपासणी करणाऱ्या सुनितानं मधूंच्या कानांवर हेडफोन चढवले. "बीप आली की बटण दाबायचं, काका."

चार बीपना बटण दाबायचं, दोन सोडून द्यायच्या, म्हणजे थोडासा बहिरेपणा पदरात पडेल, अशी मधूंची माफक योजना होती. पण बीप येईचना. आलेख सरळ तळाला गेला, म्हणजे ठार बहिरेपणा.

"अहो, आणि मी तुम्हाला काय काय बोलले!" पद्मजाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पाण्याची बाटली स्वतः उघडून नवऱ्याच्या हातात दिली. मधू आधी हादरले. मग बाटलीचं झाकण कुरकुरलेलं आपल्याला स्पष्ट ऐकू आलं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी निवांत एक घोट घेतला.

पाठोपाठ रांगेत बसलेल्यांपैकी वनिता बहिरी निघाली, पोपट बहिरा निघाला, इंदूबाईही ठार बहिरी निघाल्या. वैतागलेली सुनिता स्वतःशीच पुटपुटली, "चहा सांगावा का?" तिघाही बहिऱ्यांनी हात वर केले.

"आगं, रानात सरपटणारं जनावर मला ऐकू येतं," इंदूबाई कडाडल्या. "बहिरी मी नाय, तुजी मशिन हाय!"

केयूर स्क्रीनला नाक लावून बसला. "मावशी, आतल्या मशीनचं साउंड कार्डही नकलीच असतं. ते बिचारं वाजतंय. पण आवाज बाहेर कुठं सोडायचा, तिथं मी 'नल' ठेवलं होतं. म्हणजे वाजायचं, पण कुठंच पोचायचं नाही."

"म्हणजे मी घरात बोलते तसं," पद्मजाबाई म्हणाल्या.

मधूंनी हसू महत्प्रयासानं गिळलं.

केयूरनं 'नल' काढलं. आवाज आला, पण फोडणीत मोहरी तडतडावी तसा. मग त्यानं नकली कार्ड बदलून दुसऱ्या जातीचं नकली कार्ड बसवलं, आणि बीप खणखणीत वाजली. तिघेही बहिरे पटापट बरे झाले.

"आता काका."

बीप स्वच्छ ऐकू आली. मधूंचं बोट बटणावर होतं. समोर पद्मजाबाई बाटली धरून उभ्या होत्या, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात असत तशा. बोट हललं नाही.

"काकांना खरंच ऐकू येत नाही हो," सुनिता हळहळली.

पद्मजाबाई क्षणभर नवऱ्याकडे बघत राहिल्या. "माझेही कान बघ गं एकदा," त्या म्हणाल्या.

अंबाड्यामुळं हेडफोन त्यांच्या कानावर नीट बसेना. फटीतून बीप बाहेर यायला लागली. बाकावर बसलेल्या मधूंना एकूण एक ऐकू येत होती. पद्मजाबाई शांतपणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. बटणाला त्यांनी स्पर्शही केला नाही.

"मावशी, तुला पण?" केयूर ओरडला.

"काय म्हणालास?"

मधू ताडकन उठले. असला धडधडीत खोटेपणा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, जरा विचार केला, आणि परत खाली बसले.